माणसे मिसळणारा मुत्सद्दी

अथेन्सच्या अगोरात, म्हणजे भर बाजारचौकात, दोन पुरुषांचे ब्राँझचे पुतळे उभे होते: हार्मोडियस आणि अरिस्टोजिटॉन. इ.स.पू. 514 मध्ये पॅनअथेनेआच्या उत्सवात या दोघांनी हिप्पार्कसला भोसकून मारले. त्या वेळी अथेन्सवर हुकूमत होती ती हिप्पियासची, आणि हिप्पार्कस हा त्याचा भाऊ. खुनाचे मूळ एका प्रेमप्रकरणातून झालेल्या अपमानात होते. त्या खुनाने हुकूमशाही संपली नाही, उलट पुढची चार वर्षे ती अधिक जाचक झाली. इतिहासकार थ्युसिडिडीसने हे सारे पुराव्यानिशी मांडले आणि आपल्याच गावचा इतिहास आपल्याच लोकांना धड माहीत नाही याबद्दल उघड नाराजीही व्यक्त केली. तरी अथेन्सकरांची श्रद्धा ढळली नाही. इराणी फौजेने ते पुतळे पळवून नेले, तेव्हा इ.स.पू. 477 च्या सुमारास नवे घडवून बसवण्यात आले. या दोघांच्या वंशजांना सरकारी खर्चाने जेवण मिळत असे. ज्याने खरोखर नवी राज्यव्यवस्था मांडली त्या क्लिस्थेनीसला मात्र लोकांच्या मनात अशी जागा कधीच मिळाली नाही.

का मिळाली नाही, हे समजू शकते. खंजिराची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या रंगवून सांगता येते. गावांच्या याद्या आणि गटांची फेरमांडणी यांची गोष्ट कोण रंगवणार? पण अथेन्समध्ये सामान्य माणसाच्या हाती सत्ता आली ती या रुक्ष वाटणाऱ्या फेरमांडणीतून, आणि तिला बळ मिळाले ते त्याच सुमाराच्या तीन दिवसांतून. त्या तीन दिवसांत क्लिस्थेनीस शहरात नव्हताच. लोकशाहीच्या उगमात एका मुत्सद्द्याचा वाटा किती, हा प्रश्न मला या दोन गोष्टी एकत्र ठेवूनच सोडवावासा वाटतो.

थोडे मागे गेले पाहिजे. इ.स.पू. 594 मध्ये सोलोन आर्कन झाला, म्हणजे त्या वर्षाचा मुख्य अधिकारी. तेव्हा अ‍ॅटिकात, म्हणजे अथेन्सच्या भोवतालच्या प्रदेशात, लहान शेतकरी कर्जात बुडाला होता. कर्ज फिटले नाही तर सावकार त्याला बायकापोरांसह गुलाम म्हणून विकू शकत असे, आणि अनेकांना परदेशी विकलेही गेले होते. सोलोनने ती कर्जे रद्द केली, शेतांत रोवलेले गहाणखुणेचे दगड उपटून टाकले आणि माणसाचे शरीर तारण ठेवून कर्ज देण्यावर कायमची बंदी घातली. जन्माऐवजी उत्पन्नावर चार वर्ग पाडले. वरच्या वर्गाला मोठी पदे, सर्वांत खालच्या वर्गालाही जनसभेत आणि न्यायसभेत स्थान. हे काम फार मोठे आहे, आणि अथेन्सच्या स्वातंत्र्याचा पाया म्हणून सोलोनचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे. ज्या समाजात गरिबाचा देहच गहाण पडतो तिथे त्याच्या मताला काय किंमत असणार?

पण एक गोष्ट सोलोनने जागची हलवली नाही. अथेन्सकर कोण, हे अजूनही बाप कोण यावरून ठरत होते. लोक चार जुन्या गणांत वाटलेले होते आणि गणाच्या पोटात भ्रातृमंडळे होती. मुलगा झाला की बाप त्याला आपल्या भ्रातृमंडळापुढे नेई, आणि तिथे बड्या घराण्यांचा शब्द चाले. देवळांचे पुजारीपण त्यांच्याकडे. सोलोन दहा वर्षांसाठी देश सोडून गेला आणि ही घराणी पुन्हा एकमेकांच्या उरावर बसली. पुढे तर प्रदेशावरून तट पडले. मैदानातल्यांचा नेता लायकर्गस, किनाऱ्याकडल्यांचा मेगाक्लीस, डोंगराकडल्यांचा पिसिस्ट्रेटस. या तिघांच्या साठमारीतून अखेर पिसिस्ट्रेटसची हुकूमशाही आली. त्याच्यामागून त्याचा मुलगा हिप्पियास आला. हा मेगाक्लीस म्हणजे क्लिस्थेनीसचा बाप.

घराणे अल्कमिऑनिड. श्रीमंत, हुशार आणि शापित. शंभरेक वर्षांपूर्वी कायलॉन नावाच्या माणसाने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला होता. त्याचे साथीदार देवीच्या आश्रयाला गेले असताना, जीवदान कबूल करूनही, त्यांना ठार करण्यात आले. त्या वेळचा आर्कन याच घराण्यातला होता. तेव्हापासून 'शापित' हा शिक्का घराण्याच्या कपाळी बसला आणि शत्रूंनी तो वेळोवेळी वापरला. क्लिस्थेनीसची आई अगारिस्ते ही अथेन्सची नव्हती. सिसिऑनचा हुकूमशहा क्लिस्थेनीस याची ती मुलगी. आजोबांचेच नाव नातवाला आले होते. हे आईचे माहेर लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

आपण हुकूमशाहीचे हाडवैरी, तिच्या काळात आम्ही सतत परागंदा होतो, असे हे घराणे पुढे सांगत राहिले. इतिहासकार हिरोडोटसनेही तसेच लिहिले. पण अगोराच्या उत्खननात आर्कनांच्या यादीचा एक फुटका संगमरवरी तुकडा सापडला आणि 1939 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यावर हिप्पियासच्या पाठोपाठ, इ.स.पू. 525 च्या वर्षापुढे, एक नाव आहे. पहिली अक्षरे गेली आहेत, पण उरलेली अक्षरे क्लिस्थेनीसच्या नावाशीच जुळतात. म्हणजे ज्या हुकूमशहाशी आयुष्यभर लढल्याचा दावा, त्याच्याच राज्यात या माणसाने सर्वोच्च पद भूषवले होते. नंतर बिनसले असणार. मग घराण्याने डेल्फीच्या अपोलोचे देऊळ बांधण्याचा ठेका घेतला, दर्शनी बाजूला कराराप्रमाणे साधा दगड न लावता पॅरॉसचा संगमरवर लावला, आणि त्यानंतर स्पार्टाचा कोणीही माणूस डेल्फीला कौल लावायला गेला की तिथली पुजारीण एकच सांगे: आधी अथेन्स मुक्त करा. इ.स.पू. 510 मध्ये स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस फौज घेऊन आला आणि हिप्पियासला जावे लागले.

म्हणजे आपल्यासमोर आहे तो असा माणूस: बड्या घरचा, डाव टाकण्यात तरबेज, देवाचा कौलही वळवून घेणारा. त्याला संत करण्याची गरज नाही. लोकशाहीच्या जनकाचे चरित्र धुऊन स्वच्छ करण्याचा मोह अनेक इतिहासकारांना झाला आहे. मला तो मोह घातक वाटतो. कारण मग आपण चांगल्या व्यवस्थेसाठी चांगल्या माणसाची वाट पाहत बसतो.

हुकूमशाही गेल्यावर सत्ता कोणाकडे, यावरून क्लिस्थेनीस आणि इसागोरस यांच्यात जुंपली. दोघेही उमराव, दोघांचेही आपापले मित्रमंडळ. इ.स.पू. 508 मध्ये इसागोरस आर्कन झाला आणि क्लिस्थेनीस मागे पडला. इथे हिरोडोटस एकाच वाक्यात सांगतो की हरू लागल्यावर त्याने सामान्य लोकांना आपल्या गोटात घेतले. उमरावांच्या भांडणात आजवर दुसऱ्या उमरावाला फोडायचे, लग्ने जुळवायची, बाहेरून राजा आणायचा, हीच रीत होती. ज्यांना त्या भांडणात कोणी मोजतच नव्हते त्यांच्याकडे वळण्याची कल्पना नवी होती.

आणि ते लोक का आले? मला वाटते, याचे उत्तर एका छोट्या नोंदीत आहे. ॲरिस्टॉटलच्या पीठातून आलेला 'अथेन्सची राज्यघटना' हा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. इजिप्तच्या वाळूत तो पपायरसच्या गुंडाळ्यांवर मिळाला आणि 1891 मध्ये छापून निघाला. कोणा शेतमालकाच्या जमाखर्चाच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर तो उतरवून काढलेला होता, म्हणून वाचला. त्यात म्हटले आहे की हिप्पियास गेल्यावर नागरिकांची फेरतपासणी झाली, कारण ज्यांचा जन्म 'शुद्ध' नाही असे बरेच जण हक्क उपभोगत होते. पिसिस्ट्रेटसच्या काळात बाहेरून आलेले कारागीर, मिश्र घरांतली मुले, ज्यांना आपला आजा कोणत्या भ्रातृमंडळात होता हे सांगता येत नव्हते असे लोक. कालपर्यंत ते अथेन्सकर होते आणि आज यादीतून नाव उडण्याची भीती. अशा माणसाला 'समता' या शब्दापेक्षा, माझे नाव यादीत राहील का, हा प्रश्न अधिक जवळचा असतो. क्लिस्थेनीसला हे कळले होते.

इसागोरसने जुनाच उपाय केला. स्पार्टाच्या क्लिओमेनीसला बोलावले. दूत आला आणि त्याने 'शापितांना' हाकला अशी मागणी केली. क्लिस्थेनीस निमूटपणे निघून गेला. तरीही राजा लहानशी फौज घेऊन आला आणि त्याने 700 कुटुंबांना शहराबाहेर काढले. मग शहराची परिषद बरखास्त करून इसागोरसच्या 300 माणसांच्या हाती कारभार देण्याचे ठरवले. परिषदेने नकार दिला. हा नकार कोणाच्या सांगण्यावरून आला? नेता देशाबाहेर, त्याचे सारे साथीदार देशाबाहेर. राजा आणि इसागोरस ॲक्रोपोलिसवर चढून बसले आणि खाली शहर जमा झाले.

हिरोडोटसने इथे एक प्रसंग टिपला आहे. क्लिओमेनीस देवीच्या गाभाऱ्यात शिरू लागला तेव्हा तिथली पुजारीण आसनावरून उठली आणि म्हणाली की डोरियन माणसाला इथे प्रवेश नाही, परत फिर. राजाने उत्तर दिले की बाई, मी डोरियन नाही, मी अकियन आहे. बाहेर लोकांनी वेढा घातलेला, आत एक राजा आपला वंश कोणता यावर एका पुजारणीशी हुज्जत घालतो आहे. दोन दिवस वेढा चालला. तिसऱ्या दिवशी स्पार्टन लोकांनी शस्त्रे खाली ठेवून निघून जाण्याची बोली केली. इसागोरस निसटला, त्याच्या अथेन्समधल्या साथीदारांना देहदंड झाला. मग क्लिस्थेनीसला आणि त्या 700 कुटुंबांना परत बोलावण्यात आले.

अमेरिकन इतिहासकार जोसाया ओबर यांनी या वेढ्याला क्रांती म्हटले आहे, आणि तिचा कर्ता म्हणून लोकसमूहाकडेच बोट दाखवले आहे. मला त्यांचे म्हणणे पटते. मात्र त्यातून क्लिस्थेनीस वजा होतो असे मला वाटत नाही. लोक एका मागणीसाठी तीन दिवस एकत्र येऊ शकतात. चौथ्या दिवशी प्रत्येक जण आपल्या शेतावर, दुकानात, होडीवर परततो. हे तीन दिवस रोजच्या जगण्यात कसे मुरवायचे? ते काम क्लिस्थेनीसचे.

त्याने काय केले ते जवळून पाहू. जुने चार गण त्याने मोडले नाहीत. भ्रातृमंडळे, कुळे, पुजारीपणे सगळी परंपरेप्रमाणे चालू दिली. फक्त राज्यकारभाराचा धागा त्यांतून काढून घेतला. अ‍ॅटिकातली गावे आणि शहरातल्या पेठा हे मूळ घटक धरले. त्यांना डीम म्हणत, आणि अशा 139 डीमची नावे आज आपल्याला माहीत आहेत. या डीमचे 30 गट केले: दहा शहराचे, दहा किनाऱ्याचे, दहा आतल्या भागाचे. मग प्रत्येक भागातला एकेक गट घेऊन, म्हणजे तीन तिहाया जोडून, एक नवा गण. असे दहा गण. त्यांना नावे दिली ती जुन्या वीरांची. शंभर नावे डेल्फीला पाठवली आणि तिथल्या पुजारणीने त्यांतून दहा निवडली. त्यांत एक वीर अथेन्सचा नव्हताच, सॅलमिसचा अजॅक्स.

यातला एक गण पाहिला की सगळा बेत डोळ्यांपुढे उभा राहतो. अँटिओकिस गणात अलोपेके हे डीम होते, शहराच्या तटाला लागून. मूर्तिकार, दगडफोडे, छोटे धंदेवाले असलेली वस्ती. त्याच गणात पॅलेने, आत डोंगरकुशीत. आणि त्याच गणात अनाफ्लिस्तोस, दूर दक्षिणेला, लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींजवळ, समुद्रकाठी. चौथ्या शतकातल्या याद्यांत अलोपेकेचे दहा सभासद परिषदेत जातात, अनाफ्लिस्तोसचेही दहा, पॅलेनेचे सहाच्या आसपास, आणि कुठल्याशा चिमुकल्या डीमचा एक. सगळे मिळून पन्नास. दहा गणांचे असे पन्नास-पन्नास म्हणजे पाचशेंची परिषद. जनसभेपुढे काय यायचे ते ही परिषद ठरवी. पुढे अशी रीत पडली की वर्षाचे दहा भाग करायचे आणि एकेका भागात एकेका गणाच्या पन्नास जणांनी रोजचा कारभार पाहायचा. छत्तीस किंवा पस्तीस दिवस. अगोरात त्यांच्यासाठी एक गोल इमारत होती. तिथे ते जेवत, आणि त्यांतले काही जण रात्रीही तिथेच झोपत.

खाणीजवळच्या गावचा माणूस आणि तटाजवळचा दगडफोड्या एका पंगतीला बसून, एकाच राज्याची मोहोर सांभाळतात. त्यांची गावे वेगळी, नात्यागोत्याचा संबंध नाही, एकमेकांच्या देवळात पाय ठेवलेला नाही. दोघांचे हित एक नाही. तरी त्यांना महिनाभर एकमेकांचे ऐकून घेऊन काहीतरी ठरवावे लागते. दुसऱ्या वर्षी त्यांच्या जागी दुसरे. नियम असा की एका माणसाला आयुष्यात दोनदाच परिषदेवर बसता यावे. तीसेक हजार नागरिकांच्या राज्यात दर वर्षी पाचशे नवी माणसे लागत असतील, तर हळूहळू मोठ्या संख्येने लोकांना राज्य चालवण्याचा हात बसतो. अथेन्समध्ये हे दोनशे वर्षे घडत राहिले. सभेतल्या एखाद्या वक्त्याच्या तेजस्वी भाषणापेक्षा मला या जेवणाच्या खोलीत लोकशाहीचा उगम अधिक स्पष्ट दिसतो.

गाव हा पाया धरण्यामागे आणखी एक हेतू होता, आणि तो 'राज्यघटना' ग्रंथाने स्पष्ट सांगितला आहे. लोकांनी एकमेकांना बापाच्या नावाने हाक मारली की नव्याने नागरिक झालेला कोण ते लगेच उघड होते. डीमच्या नावाने हाक मारली तर होत नाही. आपल्याकडे 'कर' लावलेल्या आडनावावरून गाव कळते, आणि कुटुंब चार पिढ्यांपूर्वी ते गाव सोडून गेले असले तरी आडनाव सुटत नाही. डीमचेही तसेच होते. माणूस शहरात राहायला आला तरी त्याचे डीम बापजाद्यांचेच राहिले. डीमची स्वतःची सभा, स्वतःचा गावप्रमुख, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे स्वतःची यादी. अठरा वर्षांच्या मुलाला नागरिक म्हणून घ्यायचे की नाही हे आता गावकरी मत देऊन ठरवत. उमरावाच्या ओसरीवरून ही यादी उठली आणि गावाच्या चावडीवर आली.

हा बदल एका झटक्यात झाला नाही, याचा पुरावा खापरांवर आहे. हद्दपारीच्या मतदानाची पद्धत क्लिस्थेनीसच्याच नावावर सांगतात. ज्याची भीती वाटते त्याचे नाव फुटक्या खापरावर कोरायचे. सहा हजार खापरे जमली की ज्याच्या नावावर सर्वाधिक, त्याने दहा वर्षे देश सोडायचा, मालमत्ता मात्र त्याचीच राहणार. अथेन्सच्या केरामेइकोस भागातल्या उत्खननात अशी हजारो खापरे मिळाली आहेत. काहींवर 'थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा' असे बापाचे नाव, काहींवर 'थेमिस्टोक्लीस, फ्रेआरिओस' असे डीमचे. थेमिस्टोक्लीस या एकाच पुढाऱ्याविरुद्ध, एकाच शहरात, कोणाचा हात जुन्या सवयीने चाललेला, कोणाचा नव्या. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरल्या एका विहिरीत तर थेमिस्टोक्लीसच्या नावाची सुमारे 190 खापरे मिळाली, आणि ती अवघ्या चौदा हातांनी लिहिलेली होती. म्हणजे आधीच लिहून वाटायला ठेवलेली. संघटित विरोध तेव्हाही होता. पण रक्त सांडण्याऐवजी खापरे जमवावी लागत होती, आणि ज्या शहरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खून आणि परकी फौजा हीच राजकारणाची साधने होती तिथे ही प्रगती मी लहान मानत नाही. इ.स.पू. 486 मध्ये हद्दपार झाला तो क्लिस्थेनीसचा सख्खा पुतण्या मेगाक्लीस.

यात क्लिस्थेनीसचा स्वार्थ नव्हता का? संशयाला जागा आहे. अल्कमिऑनिडांची घरे शहराच्या दक्षिणेला तीन डीममध्ये पसरलेली, आणि ती तिन्ही डीम तीन वेगळ्या गणांत गेली, म्हणजे घराण्याचे वजन तीन ठिकाणी पडले. हा योगायोग नसावा असे अनेक अभ्यासक म्हणतात. असेल. पण त्याच मांडणीने किनाऱ्याचा जो तट त्याच्या बापाने बांधला होता तो दहा तुकड्यांत विभागला गेला. स्वार्थ होता, आणि तो साधायचा तर सर्वांना लागू होणारा नियम करणे त्याला भाग पडले. नियम एकदा झाला की तो कर्त्याच्या पुतण्यालाही सोडत नाही. मुत्सद्द्याच्या मनात काय होते यापेक्षा त्याच्या पश्चात त्याचे काम कोणाच्या उपयोगी पडले, हे मी अधिक महत्त्वाचे मानतो.

परीक्षा लगेच झाली. इ.स.पू. 506 मध्ये क्लिओमेनीस इसागोरसला गादीवर बसवण्यासाठी मोठी फौज घेऊन आला. एल्यूसिसपाशी दोस्तांत फूट पडली आणि ती फौज पांगली. उत्तरेकडून बिओशिया आणि कॅल्किस चालून आले होते. अथेन्सने एकाच दिवशी दोघांचा पराभव केला. कैद्यांच्या बेड्या ॲक्रोपोलिसवर टांगून ठेवल्या. इराण्यांनी जाळलेल्या त्या भिंतींवर त्या बेड्या पुढे हिरोडोटसने स्वतः पाहिल्या. त्याचे म्हणणे असे की हुकूमशहाच्या हाताखाली हेच लोक शेजाऱ्यांपेक्षा काही सरस नव्हते, कारण ते धन्यासाठी लढत होते. मोकळे झाल्यावर जो तो स्वतःसाठी झटू लागला. हे खरे आहे, पण याच विजयानंतर कॅल्किसच्या श्रीमंतांची जमीन हिसकावून तिथे 4000 अथेन्सकर वसवण्यात आले, हेही खरे आहे. स्वतः मोकळे झालेले लोक दुसऱ्याची जमीन घेताना अडखळले नाहीत.

दहा गणांनी फौज उभी राहिली, दहा सेनापती निवडले जाऊ लागले, आणि इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या मैदानात गण गणाला लागून उभा होता. गणाने माणसाच्या मनात किती घर केले होते हे पाहायचे तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक शिळा आहे ती पाहावी. इ.स.पू. 460 च्या सुमाराची. एरेक्थेइस गणातले जे लोक एकाच वर्षात सायप्रस, इजिप्त, फिनिशिया, हालिएइस, इजिना आणि मेगारा इथे लढताना पडले त्यांची ही यादी. दीडशेहून अधिक नावे. बापाचे नाव नाही, घराण्याचे नाव नाही. एखाद्या उमरावाचे नाव आणि त्याच्या खालचे एखाद्या कुंभाराचे नाव यांत आज कोणालाही फरक करता येणार नाही. साठ वर्षांपूर्वी अस्तित्वातच नसलेल्या, एका माणसाने आखून काढलेल्या गणासाठी एवढे जण मेले होते, आणि त्यांना त्याच गणाखाली स्मरले गेले.

त्या यादीत जे येऊ शकत नव्हते त्यांच्याबद्दल बोलणे भाग आहे. स्त्रिया नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहून कर भरणारे परदेशी नाहीत. लॉरिऑनच्या खाणींत गुडघ्यांवर रांगत चांदी काढणारे गुलाम नाहीत, आणि अनाफ्लिस्तोसचा सभासद ज्या चांदीच्या जोरावर राजधानीत येत होता ती त्यांनीच काढलेली होती. क्लिस्थेनीसने बाहेरच्या काही लोकांना, त्यांत गुलाम म्हणून आलेलेही होते, नागरिक करून घेतले असे ॲरिस्टॉटल 'राजनीती'त सांगतो. म्हणजे दार थोडे उघडले होते. ते बंद कोणी केले? लोकांनीच. इ.स.पू. 451 मध्ये पेरिक्लीसच्या प्रस्तावावरून जनसभेने ठरवले की आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पेरिक्लीस हा क्लिस्थेनीसच्या पुतणीचा मुलगा. या कायद्याने मोजले तर सिसिऑनच्या अगारिस्तेच्या पोटी जन्मलेला क्लिस्थेनीस स्वतः नागरिक ठरला नसता. बापाचे नाव पुसण्यासाठी ज्याने एवढी खटपट केली, त्याच्या शहरात आता आईचेही माहेर तपासले जाऊ लागले. मला हा अथेन्सच्या लोकशाहीतला सर्वांत दुःखद क्षण वाटतो, कारण तो कोणा जुलमी राजाने नाही, तर बहुमताने आणला.

बहुमत आणखीही काय करू शकते याचा साक्षीदार अलोपेकेचाच होता. सॉक्रेटिस या डीमचा. इ.स.पू. 406 मध्ये तो परिषदेवर होता आणि अँटिओकिस गणाची पाळी चालू होती. आर्गिनुसेच्या लढाईत बुडणाऱ्यांना वाचवले नाही म्हणून सेनापतींवर एकगठ्ठा मत घेऊन त्यांना मारायचा ठराव आला. हे बेकायदा होते. सॉक्रेटिसने विरोध केला, त्याचे कोणी ऐकले नाही, आणि हाती सापडलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड झाला. मग लोकांना पश्चात्ताप झाला. मात्र तिथे त्या दिवशी एक माणूस तरी 'नाही' म्हणायला होता, आणि तो तिथे होता तो त्याच्या पेठेचे नाव परिषदेच्या यादीत असल्यामुळे. त्याच्यापाशी ना घराणे होते, ना पैसा.

त्याआधी पाच वर्षे, इ.स.पू. 411 मध्ये, युद्धाने खचलेल्या अथेन्समध्ये लोकसत्ता मोडून मूठभरांची सत्ता आणण्याचा कट शिजत होता. त्या सभेत क्लिटोफॉन नावाच्या माणसाने सूचना केली की क्लिस्थेनीसने घालून दिलेले मूळ कायदे शोधून काढा, कारण त्याची व्यवस्था काही लोकशाही नव्हती, ती सोलोनसारखीच होती. म्हणजे शंभर वर्षांनी लोकसत्तेचे शत्रू त्याला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करत होते. आणि त्याच वर्षी ॲरिस्टोफेनीसचे 'लिसिस्ट्राटा' रंगभूमीवर आले. त्यातले म्हातारे छाती फुगवून सांगतात की आम्ही त्या क्लिओमेनीसला ॲक्रोपोलिसवर कोंडले होते आणि तो मळका, फाटका, उपाशी होऊन खाली उतरला. इतकी वर्षे जगलेला एकही म्हातारा तेव्हा उरला नसणार; प्रेक्षकांनाही ते ठाऊक होते. तरी तो वेढा त्यांना आपला वाटत होता. कायद्याचा अर्थ कोणीही हवा तसा लावू शकत होता. आपण राजाला कोंडले होते ही आठवण मात्र लोकांनी आपल्यापाशीच ठेवली होती. 411 ची मूठभरांची सत्ता काही महिनेच टिकली, 404 ची त्याहून रक्तरंजित सत्ताही वर्षभरात गेली, आणि दोन्ही वेळा लोकांनी पुन्हा तीच दहा गणांची घडी बसवली.

मॅसिडोनियाने इ.स.पू. 322 मध्ये ती लोकसत्ता मोडली. तरी गण राहिले, डीम राहिले, परिषद राहिली. इ.स.पू. 307 मध्ये अथेन्सने आपल्या नव्या 'मुक्तिदात्या' राजांच्या नावाने दोन गण वाढवले, अँटिगोनिस आणि डेमेट्रियास. परिषद सहाशेंची झाली. पुढे इजिप्तच्या टॉलेमीसाठी एक, पर्गॅममच्या अ‍ॅटलससाठी एक. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हेड्रियनच्या नावानेही एक गण निघाला. आखणी क्लिस्थेनीसची होती, हिशेब चोख होता, आळीपाळीने माणसे जेवायला बसत होती. अथेन्सने काय करायचे याचा निर्णय मात्र दुसरीकडे होत होता, आणि ॲक्रोपोलिसला वेढा घालायला आता खाली कोणी जमत नव्हते.